मोबाईल जप्त करण्याआधी: खान्देशातल्या गृहपालांना आणि रेक्टरांना खुले पत्र

प्रति,
गृहपाल, अधीक्षक, रेक्टर आणि संस्थाचालक,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मुला-मुलींची वसतिगृहे, आश्रमशाळा व बोर्डिंग.

विषय: वसतिगृहातल्या मुलांचं पॉर्न बघणं वाढत का जातं आणि त्यावर आपण काय करतो, याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी धुळ्यात समुपदेशक म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारी बरीचशी तरुण मुलं वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहणारी असतात. कोणी शहाद्याहून, कोणी चोपड्याहून, कोणी साक्रीकडचं. पहिल्या भेटीतली तक्रार ठरलेली असते: अभ्यासात मन लागत नाही, डोकं जड असतं, झोप होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खाली बघत मूळ गोष्ट निघते. मोबाईलवर 'तसले' व्हिडीओ बघणं सुटत नाही, उलट वाढतच चाललंय. आधी आठवड्यातून कधीतरी होतं, आता रोज आहे. आधी दहा मिनिटांत आवरायचं, आता रात्रीचे दोन वाजतात. आधी जे बघून पुरे व्हायचं, ते आता बेचव लागतं.

हे पत्र आई-वडिलांना लिहिता आलं असतं. पण ही मुलं घरापासून लांब आहेत आणि रात्री साडेदहाला त्यांच्या दारावरून जाणारं मोठं माणूस तुम्ही आहात. त्यांच्या फोनमध्ये काही सापडलं तर पहिला निर्णय तुमचा असतो. म्हणून तुम्हाला.

मला सांगायचंय ते आधीच सांगतो. बहुतेक मुलांचं हे बघणं वाढतं त्यामागे अतोनात वासना नसते. एकटेपणा, कंटाळा आणि ताण आला की हाताशी दुसरं काही नसतं. फोनमधल्या मालाला अंत नसतो. आणि बघून झाल्यावर जी लाज वाटते, ती घालवायलाही मुलाला तोच फोन सापडतो. यातली लाज आपण मोठी माणसं वाढवतो. वसतिगृहात ती सगळ्यात जास्त वाढते.

'आमच्या वेळीही होतंच की हे,' असं मला बरेच रेक्टर म्हणतात. होतं. गावात कोणाकडे तरी व्हीसीआर भाड्यानं यायचा, चार-पाच जण जमायचे, आतून कडी लागायची, एक जण बाहेर राखणीला असायचा. कॅसेट संपली की विषय संपला. पुढची मिळेपर्यंत महिना जायचा. अल कूपर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं की इंटरनेटवरच्या लैंगिक गोष्टींची ओढ तीन कारणांनी वाढते: सहज मिळतं, जवळजवळ फुकट मिळतं, आणि कोण बघतंय ते कोणाला कळत नाही. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकदम आल्या त्या सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. सरकारनं २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळं बंद करायला लावली. मुलांचं त्यानं फारसं अडलं नाही. व्हीपीएन कसं लावायचं ते नववीतला मुलगा दुसऱ्याला शिकवतो, आणि टेलिग्रामच्या ग्रुपला तेवढंही लागत नाही. जुन्या काळाचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे ते संपायचं. आता ते संपत नाही.

संपत नाही म्हणजे मेंदूच्या बाजूनं काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इथंच गैरसमज फार आहेत. डोपामिन म्हणजे मजेचं रसायन, असं मुलांना रील्सनी शिकवलंय. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून वेगळंच दिसलं. त्यांच्या गटाचा १९९७ मधला लेख आज या विषयाचा पाया मानला जातो. बक्षीस अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं की डोपामिनच्या पेशी जोरात उसळतात. ठरल्याप्रमाणे मिळालं तर त्या फारशा हलत नाहीत. मिळणार होतं आणि मिळालं नाही, तर उलट मंदावतात. म्हणजे मेंदू धावतो तो अनपेक्षिताच्या मागे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये आणखी एक फरक मांडला. एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं यांची मेंदूतली यंत्रणा वेगळी आहे. सवय जडत जाते तसं हवंसं वाटणं वाढत जातं. आवडणं तिथंच राहतं, कधी कमीही होतं. केंब्रिजमध्ये व्हॅलेरी वून यांच्या गटानं २०१४ मध्ये, ज्यांना हे आवरत नाही अशा पुरुषांच्या मेंदूचं स्कॅन केलं. त्यांना व्हिडीओंची ओढ इतरांपेक्षा जास्त होती. आवड मात्र इतरांइतकीच होती.

रात्रीच्या खोलीत हे असं दिसतं. मुलगा चादर डोक्यावरून ओढून घेतो आणि एकामागून एक टॅब उघडत जातो. एकही व्हिडीओ अर्ध्या मिनिटाच्या वर बघत नाही. बोटानं पट्टी पुढं सरकवतो, मागं येतो, खालच्या छोट्या चित्रांतलं दुसरंच एखादं उघडतो. याच्यापेक्षा चांगलं पुढे असेल. दोन तासांतला बहुतेक वेळ शोधण्यातच जातो. 'यात मजा कधी आली?' असं मी विचारतो तेव्हा मुलं गोंधळतात, कारण हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेला नसतो. एकानं बराच विचार करून सांगितलं, 'सर, उघडायच्या आधी.'

आता हे बघणं वाढत का जातं ते बघा. बाहेरगावचा पाहुणा आपल्याकडची शेवभाजी पहिल्यांदा खातो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. महिनाभर राहिला की तोच वरून तिखट मागतो. उत्तेजनेचं तसंच होतं. रोजचं झालं की मेंदूला ते ओळखीचं होतं, मग उसळी यायला काहीतरी नवं लागतं. वेळ वाढतो, नाहीतर प्रकार बदलतो. साध्या व्हिडीओपासून सुरू झालेला मुलगा मारहाणीच्या, जबरदस्तीच्या, एरवी त्यालाच शिसारी येईल अशा गोष्टींपर्यंत जाऊन पोचतो. धक्का, भीती, किळस या भावनाही शरीराला चेतवतात. ती चेतना उत्तेजनेत मिसळते आणि तेवढ्यापुरतं काम होतं. नंतर मुलगा हादरतो. 'मी असलं बघितलं म्हणजे मी तसला आहे का?' हा प्रश्न घेऊन आलेला मुलगा किती घाबरलेला असतो ते मी बघितलंय. बघितलेला प्रकार म्हणजे त्याला प्रत्यक्षात हवी असलेली गोष्ट असा सरळ हिशेब लागत नाही, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सोळा-सतराव्या वर्षी ओढ लावणारा मेंदू पूर्ण जोरात असतो, आणि थांब म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्याच्याकडून मोठ्या माणसासारख्या लगामाची अपेक्षा करताना हे लक्षात असू द्या.

पण फोन उघडायच्या आधी काय झालेलं असतं? मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो.

एका मुलाला मी वही ठेवायला सांगितली होती. (ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील बदलतोय.) धडगावकडच्या पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा, बारावीनंतर पुढच्या शिक्षणासाठी शहरात आलेला. वहीत तीनच रकाने: वेळ, त्याआधी काय झालं, त्यानंतर कसं वाटलं. मधला रकाना मी अजून विसरलो नाही. 'वर्गात माझ्या मराठीला हसले.' 'मेसमध्ये टेबलावर कोणी बोललं नाही.' 'बाबांचा फोन. पाऊस नाही, पुन्हा ऊसतोडीला जाणार.' 'स्कॉलरशिप आली नाही.' 'झोप येत नव्हती.' 'रविवार.' नुसतं रविवार, पुढे काही नाही. त्या संपूर्ण रकान्यात लैंगिक इच्छेबद्दलची नोंद क्वचितच होती. त्याला जे सोसवत नव्हतं त्यावर त्यानं एक गोळी शोधली होती; ती चार मिनिटं लागू पडायची आणि उतरताना आधीपेक्षा खाली नेऊन टाकायची.

वसतिगृहातली रविवारची संध्याकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. मेसला सुट्टी, अर्धी मुलं गावी गेलेली, उरलेली पलंगावर. मे महिन्यात तर दुपारभर बाहेर पाऊलही ठेवता येत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचं दुखणं आणखी वेगळं आहे. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक. जाहिरात कधी निघेल ते नक्की नाही, निघाली तर परीक्षा कधी ते नक्की नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस, लग्न ठरत नाही, घरून येणारे पैसे घेताना मान खाली. पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका, आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत फोन. यातला प्रत्येक जण पॉर्नच्या आहारी जातो असं अजिबात नाही. पण जो जातो, तो इथून जातो.

आता लाजेबद्दल. मुलं शपथा घेतात. मनुदेवीला जाऊन घेतात, आईच्या फोटोवर हात ठेवून घेतात, फोनच्या वॉलपेपरवर तारीख लिहून घेतात. शिरपूरकडचा एक जण म्हणाला होता, 'सर, आठ दिन चालस, मंग परत तेच. माले मनीच किळस येस.' (मला माझीच किळस येते.) डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला: माणसांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल काही केल्या डोक्यातून जाईना, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर ते जास्तच येऊ लागलं. दाबून धरलेला विचार असाच उसळतो. शपथ मोडली की दुसरी गोष्ट घडते. व्यसनमुक्तीवर काम केलेल्या ॲलन मार्लट यांनी ती नेमकी पकडली आहे: आता मोडलंच आहे, मी नालायकच आहे, तर मग आजची रात्र पूर्ण जाऊ दे. एक घसरण त्या रात्रीत दहा घसरणी होते. सकाळी लाज, लाजेमुळे लोकांपासून लांब, लांब राहिल्यानं एकटेपणा, आणि एकटेपणावरचं औषध खिशात.

या वर्तुळात तुमचा वाटा कुठे येतो ते सांगतो. मागच्या सत्रात इथल्याच एका वसतिगृहात (नाव घेत नाही, कारण असं करणारं ते एकटं नाही) तपासणीत एका मुलाच्या फोनमध्ये क्लिपा सापडल्या. संध्याकाळच्या हजेरीला त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, फोनमधल्या फाईलींची नावं मोठ्यानं वाचली, वडिलांना कामावरून बोलावून घेतलं आणि प्रवेश रद्द केला. वडील मुलाच्या गादीची वळकटी डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडे चालत गेले. मला हे सांगणारा मुलगा हजेरीच्या त्याच रांगेत उभा होता. त्याला महिनाभर एक जण लुबाडत होता. अनोळखी नंबरवरून व्हिडीओ कॉल आला, समोर कपडे काढणारी बाई, यानंही काढले. पलीकडे रेकॉर्डिंग चालू होतं. मग धमक्या: पैसे पाठव, नाहीतर बहिणीला आणि मास्तरांना व्हिडीओ पाठवतो. मेसचे पैसे गेले, मित्राकडून उसने घेतलेले गेले. रेक्टरांना सांगायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. त्या संध्याकाळच्या हजेरीनंतर तो विचार सोडला. त्याच्या डोक्यात पुढचा विचार जीव देण्याचा होता.

तो वाचला. पण त्या हजेरीनं बाकीच्या मुलांना काय शिकवलं ते बघा: अडकलास तरी या माणसाकडे जायचं नाही.

मी पॉर्नची बाजू घेतोय असं कृपा करून समजू नका. त्याचे धोके मला रोज दिसतात, आणि लहान वयात ते मोठे आहेत. पहिला, अगदी साधा, झोपेचा. रात्री दोनला झोपलेल्या मुलाला सकाळी गणित समजत नाही, चिडचिड होते, आणि महिनोन्महिने असं चाललं की उदासी येते; ती उदासी पुन्हा फोनकडेच ढकलते. दुसरा शिकण्याचा. बाईच्या शरीराबद्दल, संमतीबद्दल ज्याला कोणी एक अक्षर सांगितलं नाही, त्याची शाळा हीच होते. तिथं बाई कधी नाही म्हणत नाही, आणि म्हणालीच तर ते खरं नसतं. तिथं मारणं हा प्रेमाचा भाग असतो, निरोध कोणी वापरत नाही. लग्न झाल्यावर हीच मुलं बायकोकडून तसल्या अपेक्षा धरतात, किंवा स्वतःला त्या नटांशी ताडून बघून खचतात. माझ्याकडे नवी जोडपी येतात तेव्हा हे नीट उलगडावं लागतं. प्रत्यक्ष जवळीक मंद वाटते, शरीर साथ देत नाही, असं काही पुरुष सांगतात. त्याला पॉर्न किती जबाबदार आणि धास्ती किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही; माझ्या अनुभवात दोन्ही असतात.

तिसरा धोका कायद्याचा, आणि इथं तुम्ही कडकच राहिलं पाहिजे. नव्याच्या शोधात मुलगा कधी अठरा वर्षांखालच्या मुलांच्या चित्रफितींपर्यंत पोचतो, नाहीतर ग्रुपवर कोणी टाकतं आणि ती आपोआप डाऊनलोड होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब अशा गोष्टी शोधणं, बघणं, उतरवून घेणं, पुढे पाठवणं या सगळ्याला गुन्हा ठरवतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरचे लैंगिक गुन्हे रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम १५ खाली ते जवळ बाळगणंही येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे ठणकावून सांगितलंय. ते चित्रीकरण म्हणजे एका लेकरावर झालेला अत्याचार असतो. बाथरूममध्ये लपून कोणाचं चित्रीकरण करणं, वर्गातल्या मुलीचा फोटो ॲपमधून नागडा करून फिरवणं, हेही गुन्हे आहेत. इथं गुपचूप मिटवामिटवी करायची नाही. बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ नं तुमच्यावर बंधनकारक आहे.

माझी तक्रार अशी आहे की आपण या सगळ्याची एकच मोट बांधतो. रात्री पॉर्न बघणारा प्रौढ मुलगा, ज्याला ते आवरेनासं झालंय तो, बाथरूममध्ये मोबाईल लपवणारा आणि ज्याचा व्हिडीओ करून कोणी लुबाडतंय तो, या चौघांना एकच कलम: अश्लील साहित्य सापडलं, प्रवेश रद्द. पहिल्याला बोलण्याची गरज आहे, दुसऱ्याला उपचाराची, तिसऱ्याला कायद्याची, चौथ्याला संरक्षणाची.

बघणारा प्रत्येक जण रोगी नसतो, हेही स्पष्ट करतो. ४२ देशांतल्या ऐंशी हजारांहून अधिक प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत ज्यांचं पॉर्न बघणं त्रासाच्या पातळीला गेलं असावं असे सुमारे ३ टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराला जागा दिली. पण तिथं तो व्यसनांच्या नव्हे, आवेग न आवरण्याच्या विकारांच्या गटात आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ आवरता न येणं, तब्येत, अभ्यास, नाती यांचं नुकसान होऊनही चालूच राहणं, समाधान मिळत नसतानाही करत राहणं, ही त्याची लक्षणं. आणि नुसतं 'हे पाप आहे' या भावनेतून होणारा त्रास हे निदान करायला पुरेसं नाही, हेही तिथं लिहिलेलं आहे. जोशुआ ग्रब्स यांच्या अभ्यासांतून दिसतं की स्वतःच्या नीतिकल्पनांशी विसंगत वागतोय असं वाटणारी माणसं थोडंसं बघूनही स्वतःला व्यसनी समजतात. महिन्यातून दोनदा बघणारा, पण आपण वाया गेलो म्हणून रडणारा मुलगा मला भेटतो. त्याच्यावर व्यसनाचे उपचार करायचे नसतात. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं असतं.

म्हणून वसतिगृहात येऊन 'पॉर्ननं मेंदू सडतो' असं ओरडणाऱ्या वक्त्यांना बोलावू नका. ज्या संशोधनाचा ते दाखला देतात त्यातलं एक बर्लिनचं, २०१४ मधलं आहे: ६४ पुरुष, आणि जास्त पॉर्न बघणाऱ्यांच्या मेंदूच्या एका भागात राखाडी द्रव्य कमी. बघितल्यानं ते कमी झालं की आधीच कमी असलेले जास्त बघतात, हे त्यावरून ठरत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. घाबरवलेला मुलगा माझ्याकडे येत नाही. तो हायवेच्या भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग, धातू, कमजोरी' वाल्याकडे जातो. वीर्य गेल्यानं अंगातली ताकद जाते या भीतीतून होणाऱ्या त्रासाला डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये धात सिंड्रोम असं नाव दिलं. हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही. एवढं एक वाक्य कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर काही मुलांच्या बापाचे कापसाचे पैसे त्या भोंदूंच्या पुड्यांत गेले नसते.

मुलींबद्दल कोणी बोलतच नाही. मुलीही बघतात, काहींना तेही आवरेनासं होतं, आणि त्यांची लाज दुप्पट असते, कारण मुलांना निदान आपसात बोलता येतं. मुलींच्या वसतिगृहांच्या गृहपालांना माझं सांगणं आहे की त्यांच्याकडचा जास्त मोठा प्रश्न धमकीचा असतो. मित्राला विश्वासानं पाठवलेला फोटो, आणि मग त्यावरून चाललेली जबरदस्ती. घरी कळलं तर शिक्षण बंद होऊन लग्न लागेल, ही भीती त्या मुलीला गप्प ठेवते. तिला तुमच्याकडे यायची हिंमत व्हायची असेल तर तिचा पहिला अनुभव हा असला पाहिजे की तुम्ही लगेच घरी फोन लावत नाही.

काय करता येईल ते मी बघितलेल्या गोष्टींवरून सांगतो. रात्री साडेदहानंतर फोन खोलीबाहेर, हा नियम चालतो. पण तो सगळ्यांना एकसारखा असेल तर आणि शिक्षा म्हणून नसेल तरच. चार्जिंगचे पॉइंट व्हरांड्यात असले की अर्धं काम होतं. फोनची झडती मात्र बंद करा. सापडतं ते फार थोडं आणि जातो तो विश्वास. रविवारच्या संध्याकाळी काहीतरी ठरलेलं असू द्या, मग ते व्हॉलीबॉल असो की भजन की खिचडी करणं असो. वहीतला तो रकाना मी उगाच सांगितला नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयाचं काम बघायचे तेव्हा मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. आपल्यापैकी कोणाकडे तेवढा वेळ नाही हे मला कळतं. पण संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून अर्धा तास बसणारा रेक्टर मी बघितलाय, आणि त्याच्याकडची मुलं माझ्याकडे लवकर येतात, प्रकरण हाताबाहेर जाण्याआधी येतात.

एखाद्यानं येऊन सांगितलंच, तर आधी ऐका. 'किती दिवसांपासून' यापेक्षा 'कधी, कशानंतर' हे विचारा. शपथ घालू नका. पुढचं काम आमच्यासारख्यांचं. कोणत्या वेळी ओढ येते ते ओळखणं, ती लाट न लढता वीस मिनिटं ओसरू देणं, घसरण झाली तर त्या रात्रीपुरतीच ठेवणं, झोप आणि मित्र परत मिळवणं, उदासी असेल तर तिच्यावर औषध. हे शिकता येतं आणि मुलं शिकतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली. तिथल्या समुपदेशकांना वसतिगृहात बोलावता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लुबाडणुकीसाठी सायबरचा १९३०, अठराच्या आतल्यांसाठी १०९८. हे तीन नंबर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे ते टिपून घेताना कोणी बघणार नाही. आपल्या राज्यात २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबवलं गेलं, त्याची भरपाई आपण आजही करतोय. वर्षातून दोनदा एखाद्या समजूतदार डॉक्टरला किंवा नर्सला बोलावून शरीर, संमती, कायदा यांवर मुलांच्या निनावी चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायला लावा. चिठ्ठ्या वाचून तुम्हालाच कळेल काय चाललंय.

संस्थाचालकांना एक वेगळं सांगायचं आहे. शंभर-दीडशे मुलांमागे एकच गृहपाल, त्याच्याकडेच हजेरी, मेसचा हिशेब, डीबीटीची कागदपत्रं आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेणं. त्यानं कोणाची घुसमट ओळखावी अशी अपेक्षा करायची तर त्याला दुसरा माणूस द्या, आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. मी स्वतः त्यासाठी यायला तयार आहे, मानधन नको.

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू व्हायच्या आत तुमच्या नियमावलीतलं 'अश्लील साहित्य सापडलं, प्रवेश रद्द' हे कलम बदला, ही माझी विनंती आहे. त्याऐवजी काय लिहावं याचा मसुदा देतो, हवा तसा सुधारून घ्या:

'मोबाईलवरील लैंगिक मजकुराबाबत कोणतीही अडचण, धमकी किंवा सवय विद्यार्थ्यानं स्वतःहून सांगितल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, त्याचं नाव इतर विद्यार्थ्यांसमोर घेतलं जाणार नाही, आणि प्रौढ विद्यार्थ्याच्या पालकांना त्याच्या संमतीशिवाय कळवलं जाणार नाही. अठरा वर्षांखालील बालकांची अश्लील चित्रफीत बाळगणं वा पाठवणं, कोणाचंही चोरून चित्रीकरण करणं आणि कोणाचेही फोटो वा व्हिडीओ संमतीशिवाय पसरवणं हे गुन्हे असून त्याबाबत पोलिसांना कळवलं जाईल.'

कळावे,

आपला,
एक समुपदेशक, धुळे